गेम कन्सोलमधले विचित्र स्क्रू: कोणता कशाने उघडतो, आणि कंपन्या ते का वापरतात?

कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये असताना माझ्या गेम कंट्रोलरचं एक बटण अडकायला लागलं. आत चिप्सचा चुरा गेला असणार, उघडून पुसलं की झालं, असा विचार करून मी रूममेटचा स्टार स्क्रू ड्रायव्हर घेतला. तो बसेना. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर स्क्रूच्या डोक्यावर फुली नव्हतीच. सहा टोकांचा तारा होता आणि ताऱ्याच्या मधोमध एक बारीक खुंटी उभी होती. मी चपटा मायनस ड्रायव्हर तिरका कोंबून जोर लावला. दोन स्क्रू निघाले, तिसऱ्याचं डोकं गुळगुळीत झालं. आणखी एक स्क्रू स्टिकरखाली लपलेला आहे, हे कव्हर ओढताना ते तडकल्यावर कळलं. पाच मिनिटांच्या कामात कंट्रोलर कायमचा गेला.

चूक माझीच होती, कारण चुकीचं हत्यार वापरलं. पण एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. मी विकत घेतलेल्या वस्तूत माझ्याकडच्या ड्रायव्हरने न उघडणारा स्क्रू कुणी आणि का बसवला?

या लेखात आपण तेच पाहणार आहोत. गेम कन्सोलमध्ये कोणकोणते वेगळे स्क्रू येतात, ते कसे ओळखायचे, कशाने उघडायचे, कंपन्या ते का वापरतात, आणि आजच्या कन्सोलमध्ये खरं कुलूप कुठे असतं.

आधी साधा स्क्रू समजून घेऊ

घरातल्या डब्यात सहसा दोनच प्रकारचे ड्रायव्हर असतात. एक चपटा, ज्याला आपण मायनस म्हणतो. दुसरा फुलीचा, ज्याला दुकानदार स्टार किंवा प्लस म्हणतात. या फुलीच्या स्क्रूचं खरं नाव फिलिप्स. हेन्री फिलिप्स या अमेरिकन उद्योजकाने १९३० च्या दशकात तो बाजारात आणला आणि जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांच्या जोडणीत तो वापरल्यावर तो सगळीकडे पसरला.

फिलिप्सच्या फुलीच्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे जास्त जोर लावला की ड्रायव्हर खाचेतून वर उसळतो आणि खाच झिजते. स्क्रू स्लिप होतो म्हणतात ते हेच.

इथे पहिला गोंधळ होतो. जपानी यंत्रांमध्ये फिलिप्ससारखाच दिसणारा, पण जेआयएस या जपानी मानकाचा फुलीचा स्क्रू बऱ्याचदा असतो. त्यात फिलिप्स ड्रायव्हर पूर्ण खोल बसत नाही आणि वरच्या वर फिरून खाच खराब करतो. अनेक जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर फुलीशेजारी एक छोटा ठिपका असतो, त्यावरून तो ओळखता येतो. निन्टेन्डो किंवा सोनीचं यंत्र उघडताना आतले स्क्रू स्लिप होत असतील तर जोर वाढवू नका. जेआयएस ड्रायव्हर घेऊन पाहा.

म्हणजे साधा स्क्रूही फार साधा नसतो. पण इथे अडचण मानकांच्या फरकाची आहे. आता जे स्क्रू पाहणार आहोत, त्यांत वेगळेपणा मुद्दाम आणलेला आहे.

प्रकार १: गेमबिट

हा गेमिंगच्या दुनियेतला सर्वांत प्रसिद्ध विचित्र स्क्रू. नेहमीच्या स्क्रूला डोक्यात खाच असते आणि ड्रायव्हरचं टोक आत शिरतं. गेमबिटमध्ये उलटं आहे. स्क्रूच्या डोक्यावर खाच नाही, डोक्याच्या कडेलाच सहा गोलसर उंचवटे असतात. ड्रायव्हर आतून पोकळ असतो आणि टोपीसारखा डोक्यावर बसतो. शिवाय हा स्क्रू प्लास्टिकच्या अरुंद, खोल भोकात बसवलेला असतो, त्यामुळे पकडीचं तोंड तिथपर्यंत पोचत नाही.

याची दोन मापं लक्षात ठेवायची: ३.८ मिमी आणि ४.५ मिमी. लहान माप मुख्यतः कार्ट्रिजसाठी, म्हणजे आपण ज्याला कॅसेट म्हणायचो त्यासाठी. सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४ आणि जुन्या गेम बॉयच्या कॅसेट ३.८ ने उघडतात. मोठं माप कन्सोलच्या बाहेरच्या खोक्यासाठी. सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४ आणि २००१ मध्ये आलेला गेमक्यूब हे ४.५ ने उघडतात. हा स्क्रू फक्त निन्टेन्डोचाच होता असं नाही. सेगाच्या कॅसेटमध्ये ३.८ सापडतो, आणि सेगाचा हातात धरायचा गेम गिअर उघडायलाही ४.५ लागतो.

यातली एक गंमत पाहा. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेला निन्टेन्डोचा एनईएस हा कन्सोल साध्या फिलिप्स ड्रायव्हरने उघडतो. त्याच्या सुरुवातीच्या कॅसेटही चपट्या खाचेच्या पाच साध्या स्क्रूंनी बंद केलेल्या असत. पुढे कॅसेटची रचना बदलली आणि पाचऐवजी तीन स्क्रू आले, तेही ३.८ मिमीचे गेमबिट. म्हणजे मशीन उघडं आणि कॅसेट बंद, अशी स्थिती झाली. जुन्या कॅसेट जमवणारे आजही पाच स्क्रू की तीन स्क्रू यावरून कॅसेट लवकरची की नंतरची ते सांगतात.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे व्हिडिओ गेम घरोघरी होते, ते बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या नकला होते. फॅमिकॉम म्हणजे एनईएसचाच जपानी अवतार. त्यामुळे मोठ्या भावंडांच्या आठवणीत कॅसेटला फुंकर मारणं असतं, गेमबिट नसतो. मूळ फॅमिकॉमच्या कॅसेटला तर स्क्रूच नव्हते. प्लास्टिकचे दोन भाग एकमेकांत अडकवलेले असायचे.

गेमबिट आज कशाला लागतो? सर्वांत मोठं कारण म्हणजे कॅसेटमधली बॅटरी. जुन्या अनेक गेममध्ये तुमचा सेव्ह केलेला खेळ एका बटण सेलच्या जोरावर टिकून असतो. गेम बॉयवरच्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सीआर२०२५ जातीचा सेल आहे. तोच सेल गेममधलं घड्याळही चालवतो, म्हणून तो लवकर संपतो. सेल संपला की सेव्ह जातो. कुणाचा तरी शाळेतल्या सुट्टीत जमवलेला सगळा खेळ त्या एका सेलवर उभा असतो आणि त्याच्या आड एक ३.८ मिमीचा स्क्रू असतो.

दोन गोष्टी इथे नीट लक्षात ठेवा. हा सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी बोर्डवर डाग देऊन जोडलेला असतो, म्हणून स्क्रू उघडल्यावर सोल्डरिंगही यायला हवं. आणि जुना सेल काढला की असलेला सेव्हही पुसला जातो. तो हवा असेल तर आधी कॅसेट रीडरने त्याची प्रत काढून ठेवावी लागते.

प्रकार २: ट्राय-विंग

हा तीन खाचांचा स्क्रू. मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारखा दिसतो, असं सांगितलं की लगेच कळतं. निन्टेन्डोने गेम बॉय ॲडव्हान्स, डीएस, वी आणि २०१७ च्या स्विचपर्यंत तो वापरला आहे. गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटवरही तोच असतो.

काटेकोर बोलायचं तर यात दोन भावंडं आहेत. मूळ ट्राय-विंगच्या तीन खाचा मधोमध मिळत नाहीत, जराशा सरकलेल्या असतात. ज्यात तिन्ही खाचा मध्यभागी मिळून इंग्रजी वाय अक्षर तयार होतं, त्याला ट्राय-पॉइंट म्हणतात. बोलताना मात्र सगळे दोन्हींना ट्राय-विंगच म्हणतात. स्विचसाठी बिट घेताना पाकिटावर वाय०० असं लिहिलेलं बघा.

स्विचच्या बाबतीत हा स्क्रू खूप जणांच्या वाट्याला येतो आणि त्याचं कारण म्हणजे जॉय-कॉन ड्रिफ्ट. काडीला हात न लावता खेळाडू आपोआप एका बाजूला चालायला लागतो तो आजार. काडीचा भाग बदलला की तो बरा होतो. त्यासाठी जॉय-कॉनच्या मागचे चार वाय०० स्क्रू काढावे लागतात, आत गेल्यावर मात्र फुलीचे स्क्रू भेटतात. भारतात दिसणारे बहुतेक स्विच दुसऱ्या देशांतून आयात होऊन आलेले असतात. त्यामुळे ड्रिफ्ट सुरू झाल्यावर कंपनीकडे परत पाठवणं आपल्यासाठी सोपं नसतं, आणि तो छोटा ड्रायव्हर हाच जवळचा उपाय उरतो.

प्रकार ३: टॉर्क्स, आणि पिनवाला टॉर्क्स

टॉर्क्स म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्याची खाच. हा १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीने तयार केला. याचा मूळ हेतू कुणाला अडवणं हा नव्हता. त्याच्या खाचेच्या भिंती जवळपास सरळ उभ्या असतात, त्यामुळे ड्रायव्हर वर उसळत नाही. कारखान्यात यंत्राने हजारो स्क्रू पिळताना हे फार सोयीचं पडतं. म्हणून टॉर्क्स दिसला की कंपनीने कुलूप लावलंय असं लगेच समजू नका.

कुलूप ओळखायचं ते मधल्या खुंटीवरून. ताऱ्याच्या मध्यभागी खुंटी असेल तर तो सिक्युरिटी टॉर्क्स. त्यासाठी टोकाला भोक असलेलं बिट लागतं. साध्या टॉर्क्सचा आकडा टी८, टी१० असा लिहितात आणि पिनवाल्याचा टीआर८, टीआर१० असा. भोक असलेलं टीआर८ बिट साध्या टी८ स्क्रूलाही चालतं, उलट मात्र चालत नाही. त्यामुळे घ्यायचंच असेल तर टीआर घ्या, दोन्ही कामं होतात.

मूळ एक्सबॉक्स (२००१) खालून टी२० ने उघडतो, पण काही स्क्रू रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली असतात. एक्सबॉक्स ३६० आणि एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरला टीआर८ लागतो आणि एक स्क्रू बॅटरीच्या कप्प्यातल्या लेबलखाली असतो. सोनीच्या पहिल्या जाड प्लेस्टेशन ३ ला बाहेरून एक टीआर१०, तर प्लेस्टेशन ४ ला टीआर९ आहे. प्लेस्टेशन ४ मध्ये टीआर८ बिटही सहसा काम करतं. या आकड्यांतला फरक अगदी थोडा आहे. टी८ चं टोकापासून टोकापर्यंतचं माप साधारण २.३ मिमी, टी९ चं २.५ मिमी आणि टी१० चं २.७ मिमी. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. बिट घालून हलवून पाहायचं. सैल हलत असेल तर एक आकडा वरचं घ्यायचं.

दुकानात एक काळजी घ्या. आपल्याकडे फिलिप्सलाही स्टार म्हणतात आणि टॉर्क्सलाही. फक्त स्टार मागितलात तर फुलीचा ड्रायव्हर घेऊन घरी याल. टॉर्क्स, मध्ये भोकवाला, असं सांगा किंवा सरळ स्क्रूचा फोटो दाखवा.

एका नजरेत: कशाला काय लागतं?

- एनईएस: कन्सोलला फिलिप्स, नंतरच्या कॅसेटला ३.८ मिमी गेमबिट
- सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४: कन्सोलला ४.५ मिमी, कॅसेटला ३.८ मिमी गेमबिट
- गेमक्यूब: ४.५ मिमी गेमबिट
- जुन्या गेम बॉयच्या कॅसेट: ३.८ मिमी गेमबिट
- सेगा गेम गिअर: ४.५ मिमी गेमबिट आणि फिलिप्स
- गेम बॉय ॲडव्हान्स, डीएस, वी: ट्राय-विंग आणि फुलीचे
- स्विच आणि जॉय-कॉन: बाहेर वाय००, आत फुलीचे
- प्लेस्टेशन १ आणि २: फिलिप्स
- प्लेस्टेशन ३ (पहिलं मॉडेल): टीआर१० आणि फुलीचे
- प्लेस्टेशन ४ (पहिलं मॉडेल): टीआर९ आणि फुलीचे
- प्लेस्टेशन ५: बाजूची कव्हरं हातानेच निघतात, आत टीआर८ आणि फुलीचे
- एक्सबॉक्स (मूळ): टी२०, आत टी१०
- एक्सबॉक्स ३६० आणि एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर: टीआर८

एकाच कन्सोलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत स्क्रू बदलू शकतात, म्हणून बिट घेण्याआधी आपला मॉडेल नंबर जरूर तपासा.

तुमच्या फोनमध्येही आहेत

हे फक्त गेमवाल्यांचं प्रकरण नाही. आयफोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना नीट बघा. तिथे पाच पाकळ्यांचे दोन बारीक स्क्रू दिसतील. याला पेंटालोब म्हणतात. ॲपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोच्या बॅटरीसाठी तो वापरला. २०१० च्या आयफोन ४ चे सुरुवातीचे नग साध्या फिलिप्स स्क्रूंनी बंद होते, नंतरच्या नगांत तिथे पेंटालोब आला. फोन तोच, आतले भाग तेच, फक्त बाहेरचे दोन स्क्रू बदलले. २०१६ च्या आयफोन ७ पासून आत वाय आकाराचे स्क्रूही आले, म्हणजे स्विचच्या स्क्रूचे सख्खे भाऊ.

कंपन्या हे का करतात?

कंपन्यांच्या बाजूने प्रामुख्याने दोन कारणं सांगितली जातात.

पहिलं, सुरक्षा. हे पूर्ण खोटं नाही. ज्या कन्सोलमध्ये पॉवर सप्लाय आतच बसवलेला असतो, त्यात घरातली २३० व्होल्टची वीज येते. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर काही काळ चार्ज धरून राहतात. लहान मुलाने फुलीच्या ड्रायव्हरने सहज उघडावी अशी ही वस्तू नाही.

दुसरं, पायरसी. गेम कंपन्या कन्सोलपेक्षा गेम विकून जास्त कमावतात. आत हात घालून चिप बसवली की नकली गेम चालतात, ही त्यांची भीती. एनईएसमध्येही परवान्याशिवायचे गेम अडवणारी १०एनईएस नावाची चिप होती. पायरसीची भीतीही खरी आहे.

पण मग हे पाहा. जो पायरसीचा धंदा करायला बसला आहे, त्याच्यासाठी एक वेगळं बिट मिळवणं ही काय अडचण आहे? बॉलपेनचं प्लास्टिक वितळवून, ते गेमबिटच्या डोक्यावर दाबून थंड केलं की कामचलाऊ ड्रायव्हर तयार होतो, हा जुगाड गेमर लोकांना कित्येक वर्षं माहीत आहे. (तुम्ही तो करू नका. प्लास्टिक आत अडकलं तर स्क्रू कायमचा गेला.) आज बिटचा अख्खा सेट काही शे रुपयांत ऑनलाइन येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केली तरी काम होतं.

म्हणजे ठरवून आलेल्या माणसाला हा स्क्रू अडवत नाही. तो अडवतो तुमच्या-माझ्यासारख्याला, ज्याला फक्त धूळ पुसायची होती. घरात तो ड्रायव्हर नसतो, आपण थबकतो, जाऊ दे म्हणतो आणि सर्व्हिस सेंटरला फोन करतो किंवा नवीन घेतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२१ मध्ये दुरुस्तीवरच्या निर्बंधांबद्दल एक अहवाल संसदेला दिला. कंपन्या देत असलेल्या समर्थनांना फारच तुटपुंजा पुरावा असल्याचं त्यात म्हटलं आहे.

स्टिकर फाडला तर वॉरंटी जाते का?

स्क्रूच्या जोडीला असतो स्टिकर. हा काढल्यास वॉरंटी रद्द, असं त्यावर लिहिलेलं असतं.

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. दुरुस्ती अमुक ठिकाणीच करा नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही, असं तो सांगतो. याच आधारे फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिन्ही मोठ्या कन्सोल कंपन्या होत्या.

पण हा कायदा अमेरिकेतला आहे, तो आपल्याला लागू नाही. तुमचा कन्सोल वॉरंटीत असेल तर स्वतः उघडण्याआधी वॉरंटी कार्ड वाचा आणि फुकट दुरुस्ती मिळत असेल तर ती घ्या.

खरं कुलूप आता स्क्रूमध्ये नाही

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गेल्या काही वर्षांत बाहेरचे स्क्रू तसे सौम्य झाले आहेत. प्लेस्टेशन ३ आणि ४ मध्ये हार्ड डिस्क स्वतः बदलायची सोय सोनीनेच दिली होती. २०२० च्या प्लेस्टेशन ५ ची कव्हरं कुठल्याही हत्याराशिवाय निघतात, आत धूळ ओढून काढायला जागा ठेवलेली आहे आणि एम.२ एसएसडी तुम्ही स्वतः बसवू शकता. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने ती सोय सुरू झाली. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सबॉक्स कंट्रोलरचे सुटे भाग विकायला सुरुवात केली. या चांगल्या गोष्टी आहेत आणि त्यांचं श्रेय द्यायलाच हवं.

पण डिस्क ड्राइव्हचं काय? एक्सबॉक्स ३६० पासूनच ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांची एका गुप्त कीने जोडी लावलेली असते. तुमचा ड्राइव्ह बिघडला आणि तुम्ही तसाच दुसरा आणून बसवला, स्क्रू अगदी बरोबर पिळले, तरी गेम चालत नाही, कारण मदरबोर्ड नवीन ड्राइव्हला ओळखतच नाही. प्लेस्टेशन ५ मध्येही ड्राइव्हची अशीच जोडी आहे. २०२३ च्या बारीक प्लेस्टेशन ५ मध्ये ड्राइव्ह सुटा मिळतो आणि हाताने बसतो, पण तो पहिल्यांदा बसवताना इंटरनेटवरून सोनीच्या सर्व्हरशी नोंदणी करावी लागते.

विचार करा. गेमबिटचं बिट एकदा बाजारात आलं की तो स्क्रू कायमचा उघडा झाला. १९९६ चा निन्टेन्डो ६४ आज तुम्ही घरी उघडू शकता. पण ज्या भागाला चालण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते, तो भाग सर्व्हर बंद झाल्यावर कोण जोडून देणार? त्यासाठी बिट कुठल्याच दुकानात मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत डिजिटल कुलूप तोडण्यावर १९९८ च्या डीएमसीए कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्सोल दुरुस्तीसाठी त्यातून सूट मिळाली, पण ती फक्त डिस्क ड्राइव्हपुरती. आणि दुरुस्तीसाठी लागणारी कुलूप तोडायची साधनं इतरांना विकायची मुभा त्यात नाही.

मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२३ मध्ये राइट टू रिपेअरचे कायदे केले. सुटे भाग, हत्यारं आणि माहिती ग्राहकाला व बाहेरच्या मेकॅनिकला द्या, असं ते कंपन्यांना सांगतात. दोन्ही कायद्यांतून व्हिडिओ गेम कन्सोल वगळलेले आहेत. फोनला जो हक्क मिळाला, तो कन्सोलला मिळाला नाही.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. सुरुवातीला चार क्षेत्रं निवडली गेली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ उपकरणं, आणि वाहनं. गेम कन्सोलचं त्यात वेगळं नाव नाही.

उघडण्याआधी हे वाचा

१. वॉरंटी संपली आहे का ते बघा. संपली नसेल तर थांबा.

२. प्लग काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडूच नका.

३. स्क्रूचा फोटो काढून मोठा करून बघा. फुली, वाय, तारा, ताऱ्यात खुंटी की बाहेरचे उंचवटे, हे आधी ठरवा.

४. बिट घालून हलवून पाहा. सैल वाटलं तर फिरवू नका.

५. आधी खाली दाबा, मग सावकाश फिरवा. पिळण्यापेक्षा दाबाला महत्त्व आहे.

६. कव्हर निघत नसेल तर ओढू नका. रबरी पाय, लेबल, स्टिकर यांखाली एखादा स्क्रू राहिला असणार.

७. कागदावर यंत्राचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा. छोट्या स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो बोर्डला भोक पाडू शकतो.

८. प्लेस्टेशन ५ चा मुख्य चिप उघडायच्या भानगडीत पडू नका. त्यावर लिक्विड मेटल आहे, ते सांडलं तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

९. बंद करताना स्क्रू आधी उलटा फिरवा. आटे जुळल्याचा हलका खट्ट जाणवला की मग सुलटा घट्ट करा. प्लास्टिकमधले आटे असे टिकतात.

शेवटी

हॉस्टेलमधला तो कंट्रोलर मी टाकून दिला. नंतर टीआर८ बिट घेतलं आणि त्यानंतर मित्रांचे तीन-चार कंट्रोलर त्याच बिटने साफ करून दिले. प्रत्येक वेळी आत निघाला तो फक्त चुरा आणि धूळ.

म्हणून पुढच्या वेळी कन्सोल किंवा फोन घेताना रॅम आणि स्टोरेजच्या जोडीने दोन प्रश्न अजून विचारा. हा कोणत्या स्क्रूने उघडतो? आणि यातला भाग बदलला तर तो कंपनीला न विचारता चालतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर काही शे रुपयांत सुटतं. दुसऱ्याचं उत्तर नाही असं असेल, तर ती वस्तू तुमच्याकडे किती वर्षं चालणार हे ठरवणं तुमच्या हातात राहत नाही.